नऊ शहरांचा तक्ता, पाच मुक्काम आणि एक रिकामी दुपार

पत्र

ताई, नमस्कार. पुढच्या वर्षी आमच्या लग्नाला २५ वर्षं होतील. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला असते, घरी आम्ही दोघंच. आजवर परदेशी गेलो ते टूर कंपनीबरोबर. या वेळी जपानला जायचं, आपलं आपण जायचं आणि सगळा प्रवास रेल्वेने करायचा, असं यांनी ठरवलंय. हे लहानपणापासून रेल्वेचे वेडे. एक्सेलमध्ये तक्ता तयार आहे: १४ दिवस, १३ रात्री, टोकियो, निक्को, ताकायामा, कानाझावा, क्योतो, नारा, हिरोशिमा, फुकुओका, ओसाका. नऊ शहरं! जिने चढताना माझे गुडघे दुखतात. मी शाकाहारी, हे मासे खातात. मी काही बोलले की "मग टूरनेच जाऊ" म्हणतात आणि लॅपटॉप मिटतात. मला जायचंय, पण धावायचं नाहीये. हिरोशिमा मात्र मला बघायचंच आहे. तो रेल्वे पास घ्यावा का? साकुरासाठी, म्हणजे चेरीच्या बहरासाठी, एप्रिल गाठावा का? बॅगा घेऊन एवढ्या गाड्या कशा बदलायच्या? आणि यांच्याशी बोलायचं कसं? आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. रोज सकाळी पु. ल. देशपांडे उद्यानात फिरायला जातो आणि हल्ली तिथेही याच विषयावरून धुसफूस होते.
— एक वाचक, पुणे

उत्तर

नमस्कार. तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा तुमच्या यजमानांचं कौतुक वाटलं. कुणी तरी घरात बसून एवढा तक्ता करतं, त्यामागे हौस असते, आणि ती हौस तुम्हालाही दिसतेय, म्हणूनच तुम्ही नुसतं 'नाही' म्हणून मोकळ्या झालेल्या नाहीत. जपान हा देशही त्यांनी योग्य निवडलाय. स्वतःच्या हिमतीवर रेल्वेने फिरायला सुरुवात करणाऱ्या जोडप्याला याहून सोपा देश मी सुचवू शकणार नाही. गाड्या वेळेवर असतात, पाट्या इंग्रजीतही असतात, आणि रात्री नऊला अनोळखी स्टेशनवर उतरलं तरी भीती वाटत नाही.

पण नऊ शहरं नकोत. ते का, हे 'दमायला होईल' एवढ्यावर सांगू नका, त्यांना ते पटणार नाही. त्यांना वेळापत्रकाच्या भाषेत सांगा. जपानमधल्या बहुतेक हॉटेलांत सकाळी १० किंवा ११ ला खोली सोडावी लागते आणि पुढच्या गावी दुपारी ३ च्या आधी खोली मिळत नाही. म्हणजे गाडीचा प्रवास दोन तासांचा असला, तरी त्या दिवशी सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत तुम्हाला घर नसतं. बॅगा आवरणं, स्टेशन गाठणं, लॉकर शोधणं, नवं हॉटेल सापडणं यातच तो वेळ जातो. गाव बदलायचा प्रत्येक दिवस हा अर्धाच दिवस धरायचा. तक्त्यात एक रकाना वाढवून त्यांनाच हे आकडे भरू द्या. नऊ शहरांत किती पूर्ण दिवस उरतात, ते त्यांचं त्यांनाच दिसेल. शिनकान्सेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, इतकी वेगवान आहे की कागदावर सगळंच जवळ वाटतं, आणि तिथेच पहिल्यांदा जाणारी माणसं फसतात.

मी तुमच्या जागी असते तर १३ रात्री अशा वाटल्या असत्या: टोकियोत ४, कानाझावात २, क्योतोत ४, हिरोशिमात २ आणि शेवटची १ रात्र ओसाकात. निक्को, ताकायामा, फुकुओका या वेळी सोडा. नारा क्योतोपासून रेल्वेने पाऊण तासावर आहे, तिथे मुक्काम कशाला? सकाळी जाऊन तोदाइजी मंदिरातला सुमारे १५ मीटर उंचीचा ब्राँझचा बुद्ध आणि मान लववणारी हरणं बघून संध्याकाळी परत येता येतं. विमानाचं तिकीट जाताना टोकियोचं आणि येताना ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून असं काढा. त्याच वाटेने टोकियोला परत यायचा एक दिवस आणि जवळपास १५ हजार येन वाचतात.

या मार्गात एक गोष्ट मात्र हातची जाते, आणि ती तुमच्या यजमानांना लागेल. टोकियो ते क्योतो ही मूळची शिनकान्सेन, १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झालेली तोकाइदो मार्गिका, तुमच्या वाटेवर येणार नाही. फुजी पर्वत दिसतो तो याच गाडीतून, क्योतोकडे जाताना उजव्या हाताला. रेल्वेवर प्रेम करणाऱ्या माणसाला हे सोडायला सांगणं सोपं नाही, म्हणून हा निर्णय पूर्णपणे त्यांच्यावर सोपवा. कानाझावा हवं की फुजी? फुजी म्हणाले तर कानाझावाच्या दोन रात्रींपैकी एक टोकियोला, एक क्योतोला द्या. एक हॉटेल कमी होईल आणि तुमच्या गुडघ्यांनाही बरंच. कानाझावा म्हणाले तर केनरोकुएन बाग, सामुराईंची जुनी वस्ती आणि ओमिचो बाजारातले ताजे मासे मिळतील. मला स्वतःला कानाझावा जास्त आवडतं, कारण तिथे रस्त्यावर निवांत चालता येतं. फक्त 'दोन्ही हवं' हे उत्तर घेऊ नका.

पास घ्यावा का? देशभर चालणारा जपान रेल पास तुम्ही घेऊ नका. 'जपानला गेलं की पास घ्यायचाच' हा सल्ला जुन्या दराच्या वेळचा आहे. सात दिवसांचा साधा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून थेट ५०,००० येन झाला. तुमचे मोठे प्रवास चार: टोकियो–कानाझावा साधारण १४,५०० येन, कानाझावा–क्योतो आठ-साडेआठ हजार, क्योतो–हिरोशिमा साडेअकरा हजारांच्या आसपास, हिरोशिमा–ओसाका साडेदहा हजार. बेरीज ४५ हजारांच्या जवळ जाते. शिवाय पहिला प्रवास पाचव्या दिवशी आणि शेवटचा तेराव्या दिवशी, म्हणजे सात दिवसांत ते बसतच नाहीत. चौदा दिवसांचा पास घ्यावा लागेल, आणि त्याचा दर त्या वेळी ८०,००० येनवर गेला.

याऐवजी पहिल्या दोन प्रवासांची सुटी तिकिटं काढा आणि शेवटच्या पाच दिवसांसाठी जेआर (जपान रेल्वे) वेस्ट कंपनीचा कान्साई–हिरोशिमा पास घ्या. तो सलग पाच दिवस चालतो आणि त्याची किंमत १७ हजार येनच्या घरात आहे. घेताना ताजा दर बघा. दहाव्या दिवशी नारा, अकराव्या दिवशी हिरोशिमाला जाणं, बाराव्या दिवशी मियाजिमा बेट (जेआरची फेरीबोटही त्यात येते), तेराव्या दिवशी ओसाका, चौदाव्या दिवशी विमानतळावर नेणारी हारुका गाडी: सगळं एकाच पासवर. यात एकच खाच आहे. क्योतो ते शिन-ओसाका हा छोटा टप्पा या पासवर शिनकान्सेनने करता येत नाही. तेवढा साध्या जलद लोकलने करायचा, अर्ध्या तासाच्या आत होतो, आणि शिन-ओसाकाला शिनकान्सेन पकडायची. तिथून नोझोमी, म्हणजे सर्वांत वेगवान गाडीसुद्धा या पासवर चालते. हा हिशोब यजमानांपुढे ठेवा. मला वाटतं, असा पास बरोबर पाच दिवसांवर बसवण्यात त्यांना नऊ शहरांपेक्षा जास्त मजा येईल.

बॅगांचं काय? याचं उत्तर तुमच्या प्रवासाचं रूपच बदलून टाकेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जपानमध्ये हॉटेलच्या काउंटरवरून पुढच्या गावच्या हॉटेलात बॅग कुरियरने पाठवता येते. ताक्युबिन म्हटलं की काउंटरवरच्या माणसाला कळतं. तो एक फॉर्म देतो, त्यावर पुढच्या हॉटेलचं नाव, पत्ता, फोन, तुम्ही तिथे कोणत्या तारखेला पोचणार आणि बुकिंग कोणाच्या नावावर आहे, एवढं लिहायचं. बहुतेक वेळा तो स्वतःच भरून देतो. बॅगेच्या आकारानुसार आणि अंतरानुसार एकेका बॅगेला दोन-तीन हजार येन पडतात. पोचवायची तारीख आपण सांगू शकतो, आणि तुम्हाला उपयोगी आहे ते हेच. टोकियोहून निघताना मोठ्या बॅगा कानाझावाला पाठवूच नका. थेट क्योतोच्या हॉटेलात, सातव्या दिवसाची तारीख घालून पाठवा. कानाझावाला दोन रात्रींचे कपडे, औषधं, चार्जर आणि पासपोर्ट असलेली एकेक पाठीवरची बॅग पुरते. तसंच क्योतोहून निघताना मोठ्या बॅगा थेट ओसाकाच्या हॉटेलात, आणि हिरोशिमाला पुन्हा छोट्या बॅगा. मोठी बॅग तुमच्याबरोबर एकदाही शिनकान्सेनमध्ये चढणार नाही. या चार पैशांत कंजुषी करू नका, एखादं महागडं जेवण सोडा.

कधी मोठी बॅग बरोबर न्यावीच लागली, तर लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरच्या आत आहे ना, ते घरीच टेपने मोजून घ्या. त्याहून मोठ्या बॅगेला तोकाइदो आणि तिच्यापुढची, हिरोशिमाकडे जाणारी सानयो या मार्गिकांवर डब्याच्या शेवटच्या रांगेतली खास जागा आधी राखून ठेवावी लागते. त्याचे जादा पैसे नाहीत, पण न राखता बॅग आणली तर १,००० येन भरावे लागतात.

गुडघ्यांसाठी हॉटेलची जागा फार महत्त्वाची. टोकियोत शिंजुकूच्या झगमगाटाजवळ राहायचा मोह होतो. तुम्ही उएनोत राहा. नारिता विमानतळावरून केइसेइची स्कायलायनर गाडी पाऊण तासात थेट उएनोला आणते, बाग आणि संग्रहालयं चालत गाठता येतात, आणि कानाझावाला जाणाऱ्या बहुतेक गाड्या उएनोला थांबतात, त्यामुळे टोकियो स्टेशनच्या गर्दीत जायचीच गरज नाही. उएनोचे शिनकान्सेन फलाट जमिनीखाली चार मजले आहेत. सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, पण लिफ्ट कोपऱ्यात असते आणि शोधावी लागते, म्हणून गाडीच्या अर्धा तास आधी पोचा. क्योतोत स्टेशनजवळ किंवा कारासुमा मेट्रोच्या मार्गावर हॉटेल घ्या. बस तुडुंब भरलेल्या असतात आणि उभं राहावं लागतं. फुशिमी इनारी देवळाच्या केशरी तोरणांच्या, म्हणजे उभ्या कमानींच्या, वाटेवर पायऱ्याच पायऱ्या आहेत. वरपर्यंत जायलाच हवं असं नाही. खालच्या टप्प्यात पहाटे गेलात तर तोरणंही दिसतात आणि गर्दीही नसते. ओसाकात शिन-ओसाका स्टेशनजवळ राहिलात तर दुसऱ्या दिवशी हारुका तिथूनच मिळेल.

गाडीत बसायची रीत एकदा समजली की भीती जाते. सुट्या प्रवासाची तिकिटं बहुधा दोन असतात, एक मूळ भाड्याचं आणि एक वेगवान गाडीच्या आरक्षित जागेचं. शिनकान्सेनच्या गेटवर दोन्ही एकावर एक ठेवून एकदम आत सरकवायची. पलीकडच्या फटीतून दोन्ही बाहेर येतात, ती न विसरता उचलायची, कारण उतरताना पुन्हा लागतात. आपापलं तिकीट आपापल्याच खिशात ठेवा. "तुझ्याकडे दिलं होतं ना?" या वाक्याने बरीच भांडणं सुरू होतात. फलाटावर डब्यांचे नंबर आणि रांगेच्या खुणा जमिनीवरच रंगवलेल्या असतात. मधल्या स्टेशनांवर गाडी मिनिट-दीड मिनिट थांबते, तेव्हा उतरायचं स्टेशन यायच्या आधीच उठून दाराशी या.

कानाझावाहून क्योतोला जाताना त्सुरुगाला गाडी बदलावी लागते. मार्च २०२४ मध्ये शिनकान्सेन त्सुरुगापर्यंत वाढली, तेव्हापासून पुढे थंडरबर्ड ही गाडी घ्यावी लागते, आणि तिच्या सगळ्या जागा आरक्षित असतात. शिनकान्सेन वरच्या मजल्यावर येते आणि थंडरबर्ड तळमजल्यावरून सुटते. काही जोडगाड्यांमध्ये मधे जेमतेम आठ मिनिटं असतात. आठ मिनिटांत सगळा लोंढा एकाच दिशेने निघतो, बाणही जमिनीवर काढलेले आहेत, त्यामुळे माणूस चुकत नाही. पण गुडघे दुखत असतील तर घाई नको. बुकिंग करताना मुद्दाम त्यानंतरची थंडरबर्ड निवडा. अर्धा-पाऊण तास जास्त लागेल, लिफ्टने शांतपणे खाली याल.

कधी जावं? साकुरा सुंदर असतो, पण पहिल्या, स्वतः आखलेल्या प्रवासाला मी तो सुचवणार नाही. टोकियो-क्योतोत तो साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला येतो, दरवर्षी तारखा हलतात, ऐन बहर जेमतेम आठवडाभर टिकतो, आणि त्याच दिवसांत क्योतोतली हॉटेलं अव्वाच्या सव्वा भाव लावतात. २९ एप्रिल ते ५ मे हा गोल्डन वीक, तेव्हा सगळा जपान घराबाहेर पडतो. १० मे ते महिनाअखेर हे दिवस तुमच्यासाठी उत्तम: हवा छान, बागा हिरव्यागार, आणि पावसाळा सुरू व्हायचाय. मे जमत नसेल तर नोव्हेंबर. ऑगस्टमधला क्योतोचा उकाडा टाळा. सप्टेंबरमध्ये वादळं येतात आणि तेव्हा रेल्वे आदल्या दिवशीच गाड्या रद्द झाल्याचं जाहीर करते.

शाकाहाराचं खरं सांगते, कारण इथे गोड बोलून उपयोग नाही. मांस दिसतं आणि टाळता येतं. अडचण दाशीची आहे. सुकवलेल्या माशापासून केलेलं हे पाणी सूपमध्ये, नूडल्समध्ये, भाजीत, टोफूवरच्या सॉसमध्येही असतं. 'मी मांस, मासे आणि माशाची दाशी खात नाही' असं जपानी लिपीत लिहिलेलं कार्ड छापून घ्या आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर दाशी त्यात येते की नाही, हे समोरच्याच्या लक्षातही येत नाही. टोकियो स्टेशनच्या आत टीज तानतान नावाचं संपूर्ण वनस्पतीजन्य रामेन नूडल्सचं दुकान आहे, आणि क्योतोत बौद्ध मठांच्या परंपरेतलं शोजिन र्योरी मिळतं. तांदूळ, टोफू, तीळ, डोंगरातल्या भाज्या, असं आठ-दहा छोट्या वाट्यांतलं जेवण. एकदा तरी घ्याच. मोठ्या शहरांत भारतीय हॉटेलं बरीच आहेत, पुष्कळशी नेपाळी मंडळी चालवतात. टोकियोत एदोगावा भागातल्या निशी-कासाई परिसरात भारतीयांची मोठी वस्ती आहे. पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये त्याच एदोगावातून नगरसेवक म्हणून निवडून आले. एखाद्या संध्याकाळी वरण-भाताची फार आठवण आली तर तिकडे जाता येईल.

बाकी ठेपले, चिवडा, मेतकूट आणि गरम पाण्यात होणारे उपमा-पोह्यांचे पुडे न्या. हॉटेलच्या खोलीत पाणी उकळायची किटली असतेच. मांस असलेलं काही आणि ताजी फळं-भाज्या मात्र बॅगेत नकोत, विमानतळावर अडवतात. आणि आणखी एक: यजमानांना मासे खायचे असतात, तुम्हाला चालत नाही, म्हणून दोघांनी रोज एकत्र अर्धपोटी राहू नका. कानाझावाला एक दुपार त्यांना ओमिचो बाजारात जाऊ द्या, तुम्ही केनरोकुएनमधल्या चहाघरात बसा.

यावरूनच बोलायचं कसं याकडे येते. तुम्ही शहरांवरून वाद घालताय, आणि त्यांना तो त्यांच्या कष्टांवरचा आक्षेप वाटतोय. तक्ता बाजूला ठेवून एक संध्याकाळ बसा. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर फक्त तीन गोष्टी लिहायच्या, 'हे झालं नाही तर मला वाईट वाटेल' अशा. शहरांची नावं लिहायची नाहीत. काय करायचंय ते लिहायचं. तुमच्या कागदावर हिरोशिमाचं शांतता संग्रहालय असेल. त्यांच्या कागदावर बहुधा एखादी गाडी, एखादा पूल, एखादं रेल्वे संग्रहालय असेल. या सहा गोष्टी आधी तक्त्यात बसवा, उरलेल्या जागेत बाकीचं. त्यांच्यासाठी मी एक सुचवते: क्योतो रेल्वे संग्रहालय. २०१६ मध्ये उघडलं, आणि त्यात १९१४ सालची गोलाकार इंजिनशेड वाफेच्या इंजिनांसह जपलेली आहे. तो दिवस त्यांना एकट्याला द्या आणि स्वतःसाठी एखादी बाग किंवा नुसतं दुपारचं आडवं होणं ठेवा. चोवीस तास बरोबर राहिल्याने सहल जास्त चांगली होत नाही.

कामंही वाटून घ्या. गाड्या, तिकिटं, फलाट हे त्यांचं; त्यात तुम्ही बोलायचं नाही. हॉटेलं, संध्याकाळचं जेवण आणि 'आता बसूया' हे ठरवणं तुमचं. त्यात त्यांनी बोलायचं नाही. प्रवासातली भांडणं मी पाहिली आहेत ती बहुतेक संध्याकाळी सहा ते आठमध्ये: पोट रिकामं, पाय दुखताहेत, आणि फोनवरचा नकाशा गोल फिरतोय. म्हणून पहिल्या संध्याकाळचं जेवणाचं ठिकाण प्रत्येक गावात आधीच ठरवा, हॉटेलपासून चालत जाण्याजोगं. आणि तक्त्यात प्रत्येक मुक्कामाला एक दुपार कोरी सोडा. यजमान विचारतील, त्यात काय लिहू? काहीच नको.

हिरोशिमाचे दोन दिवस घट्ट धरून ठेवा, ते कुणाच्या सोयीसाठी एका दिवसावर आणू नका. संग्रहालयात ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी ८:१५ ला थांबलेलं घड्याळ आहे, मुलांचे जळलेले कपडे आहेत, जेवणाचे डबे आहेत. ते बघून बाहेर आल्यावर लगेच गाडी पकडायची घाई माणसाला सोसत नाही. त्या संध्याकाळी नदीकाठी नुसतं बसा. यजमानांना सांगा की बॉम्बहल्ल्यातून वाचलेल्या ६५१ आणि ६५२ क्रमांकाच्या ट्राम त्या शहरात अजूनही धावतात. दुसऱ्या दिवशी मियाजिमाला जाताना भरती-ओहोटीची वेळ बघून निघा. भरतीला तिथल्या देवळाचं तोरण पाण्यात उभं दिसतं, ओहोटीला त्याच्या पायथ्याशी चालत जाता येतं.

आणि एक जागा मी तुम्हाला मुद्दाम सुचवतेय, नऊ शहरांतून चार कमी करायला सांगितल्यावरही. हिरोशिमाहून ओसाकाला येताना ओकायामा लागतं. तुम्ही रोज ज्या उद्यानात फिरता, त्याचं दुसरं नाव पुणे–ओकायामा मैत्री उद्यान, आणि ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलंय. ही मूळ बाग १७०० साली पूर्ण झाली. कानाझावाचं केनरोकुएन आणि मितोचं काइराकुएन यांच्यासह जपानच्या तीन सर्वोत्तम बागांत ती गणली जाते. तुमच्या त्याच पासवर तेराव्या दिवशी सकाळी तिथे उतरता येईल. छोट्या बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवा, ट्रामने शिरोशिताला जा, तिथून सपाट रस्त्याने दहा-बारा मिनिटं चाला. मोठमोठी हिरवळ, मधून वाहणारा पाट, टेकाडावरून दिसणारा काळा किल्ला. तीन तास पुरतात, आणि संध्याकाळपर्यंत ओसाकात पोचता.

शेवटी, कामं कोणत्या क्रमाने करायची ते. आधी विमान. मग रद्द करता येतील अशी हॉटेलं, कारण व्हिसाच्या अर्जाबरोबर रोजचा कार्यक्रम आणि मुक्कामाचे पत्ते द्यावे लागतात. इथे यजमानांचा तक्ता जसाच्या तसा उपयोगी पडेल. व्हिसा हातात आल्यावर पास. आरक्षित जागा साधारणपणे प्रवासाच्या एक महिना आधी, जपानच्या सकाळी दहाला खुल्या होतात, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसहा. टोकियोत उतरल्यावर दोघांसाठी दोन वेलकम सुइका कार्डं घ्या, लोकल, मेट्रो, बस आणि दुकानातली पाण्याची बाटली सगळं त्यावर चालतं. २८ दिवस टिकतं, पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून थोडे थोडे भरा. प्रवास विमा घेताना तुमच्या गुडघ्यांचा जुना त्रास अर्जात लिहायला विसरू नका. आणि ओसाकाची शेवटची रात्र वाचवून ती क्योतोला जोडायचा मोह होईल, तो टाळा; वादळ किंवा भूकंपामुळे एखाद दिवस गाड्या थांबल्याच, तर विमान चुकू नये म्हणून ती रात्र ठेवली आहे.